नदीकडची बाजू

पाकिटावर बाबांचं नाव होतं, आणि त्यांचा पत्ता खोडून कुणीतरी निळ्या शाईने माझा लिहिला होता. टपालखात्याला तसं मीच कळवलं होतं, नऊ आठवड्यांपूर्वी. त्या अर्जात ‘कारण’ अशी एक चौकट होती. तिच्यात ‘मृत्यू’ हा शब्द सहज बसला, थोडी जागाही उरली. तेव्हापासून त्यांच्या नावाने बियाण्यांच्या याद्या आल्या होत्या, दंतवैद्याचं स्मरणपत्र आलं होतं, चष्म्याच्या दुकानाने त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. ते सगळं मी उभ्याउभ्या फोडायची आणि रद्दीत टाकायची. हे पाकीट मात्र कडक होतं. बसला सात मिनिटं होती, अंगात कोट होता, एका हातात टोस्ट. दुसऱ्या हाताने मी ते फोडलं आणि दोन पुठ्ठ्यांमधून एक फोटो निसटून फरशीवर पालथा पडला. पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: कोम्ब हेरॉन, ऑगस्ट १९४६, पुलावरून. मी वाकले, तो सुलटा केला. खाली रस्त्यावर बस आली, थांबली, तिचे दरवाजे सुस्कारा टाकून मिटले आणि ती टोटरडाउनचा उतार उतरून गेली, हे मी ऐकलं. आपण त्या बसमध्ये असायला हवं होतं ही गोष्ट मात्र कुणा तिऱ्हाइताची वाटली.

फोटोत नदी होती, काठावर पाच बदकं होती, आणि बदकांच्या मागे, काठाकाठाने गेलेल्या रुळांवर, बहात्तर नंबरचा डबा उभा होता. नदीच्या बाजूने. बरोबरच्या चिठ्ठीत कुणा मिसेस कॉटल यांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं की त्यांचे भाऊ वारले, घर आवरताना त्रैमासिकाच्या जुन्या अंकांत आपली विनंती वाचली, आणि हा फोटो आपल्या उपयोगी पडेल असं वाटलं. “भाऊ खरं तर बदकांचा फोटो काढत होता. गाडी मध्ये आली म्हणून तो पुढे कितीतरी दिवस चिडलेला होता.”

ती विनंती मला पाठ होती. एकोणीस वर्षं, वर्षातून चार वेळा, आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या रेल्वेंचा अभ्यास करणाऱ्या मंडळाच्या त्रैमासिकात शेवटून दुसऱ्या पानावर ती छापून येत असे: ‘हवा आहे: कोम्ब हेरॉन फाट्यावरील डबा क्र. ७२ याचा नदीकडील बाजूचा कोणताही फोटो. कितीही अस्पष्ट चालेल. रा. पडफील्ड.’ त्या फाट्यावर चार स्थानकं होती आणि चारही फलाट एकाच बाजूला, दक्षिणेला. उत्तरेला नदी. डबा फिरवायची कधी गरज पडत नसे, कारण ती ढकलगाडी होती. जाताना इंजिन पुढून ओढायचं, येताना तेच इंजिन मागून ढकलायचं, आणि ड्रायव्हर इंजिन सोडून डब्याच्या पुढच्या टोकाला, काचेच्या एका खोलीत येऊन बसायचा. डब्याखालून गेलेल्या लांब दांड्यांनी तो पाठीमागच्या इंजिनाची वाफ कमीजास्त करायचा. इंजिनावर फायरमन एकटा. दोघांमध्ये एक घंटा. त्यामुळे बहात्तरची एक बाजू जन्मभर फलाटाला दिसली आणि दुसरी जन्मभर नदीला. ज्यांच्याकडे कॅमेरा होता ते सगळे फलाटावर उभे होते. फलाटाकडचे बाबांकडे एकशे चौदा फोटो होते.

मी फोटोतल्या डब्याच्या मागच्या कोपऱ्याकडे बघितलं. सगळ्यात शेवटी बघितलं, कारण काय बघायचं आहे ते मला माहीत होतं. तिथे खिडकी नव्हती. तिथे झिलमिली होती, आडव्या लाकडी पट्ट्यांची, सात पट्ट्या, उन्हात स्वच्छ.

शेजारच्या खोलीत टेबलावर बाबांच्या पुस्तकाची मुद्रितं पडली होती. तपासून सोमवारी परत द्यायची. ‘कोम्ब हेरॉन फाटा आणि त्यावरील गाड्या’, दोनशे आठ पानं, त्र्याऐंशीव्या पानावर बाबांनी स्वतः काढलेला आराखडा: डबा क्र. ७२, नदीकडील बाजू. मागच्या कोपऱ्यात खिडकी, शाईची, दुहेरी रेघांची, कोपरे हलकेच गोल केलेली. मी पोटासाठी इतरांची मुद्रितं तपासते, एकतीस वर्षं. चूक दिसली की पेन्सिल आपोआप समासाकडे जाते. ती सवय आता मणक्यात आहे. त्या सकाळी मी फोटो पुन्हा पुठ्ठ्यांमध्ये घातला, पुठ्ठे पाकिटात, पाकीट पावाच्या डब्यामागे, आणि पुढची बस पकडून कामावर गेले. दिवसभर भाडेकरूंच्या हक्कांवरच्या एका पुस्तकातले स्वल्पविराम बघितले. एकही चुकीचा सापडला नाही, म्हणजे मी वाचत नव्हते.

आमच्या घरात बहात्तर हे नाव इतर घरांत एखाद्या मावशीचं असावं तसं होतं. “आज बहात्तरचं काही कळलं का?” असं आई विचारायची, वाढताना, आणि बाबा सांगायचे. आधी तो वाफेचा डबा होता. म्हणजे लांबलचक प्रवासी डबा, आणि त्याच्याच एका टोकाच्या खोलीत बॉयलर आणि इवलंसं इंजिन. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस शिजायचा, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी झिलमिल्या. पुढे गर्दी वाढली, त्या इंजिनाला चढ झेपेना, मग १९२८ साली कारखान्याने ते काढून टाकलं, खोलीत आसनं बसवली, आणि बहात्तर साधा डबा होऊन वेगळ्या इंजिनाच्या पुढे-मागे धावू लागला. हे सगळं बाबा मिरपुडीची बाटली आणि लोण्याची बशी घेऊन दाखवायचे, आणि आई बशी परत मागायची. ते विमा कंपनीत कारकून होते. त्यांची बोटं लांब आणि कोरडी होती. मागच्या खोलीत, त्या फाट्यावरच्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी, ती पितळेच्या पत्र्यातून नखाएवढ्या खिडक्या कापायची, आणि मला दारात उभी राहून बघायची परवानगी होती, श्वास जपून घ्यायचा या अटीवर. खोलीत डिंकाचा, तापलेल्या कथलाचा आणि त्यांच्या लोकरी बंडीचा वास असायचा. प्रत्येक बारकाव्यासाठी एक पत्रक. कड्या कुठल्या, पायरीची उंची किती, दिव्याच्या खुंट्या किती. आणि खाली ‘आधार’: अमुक फोटो, तमुक नोंदवही. आधार नसेल तर ते भाग बनवत नसत. एकदा एका इंजिनाला दीड वर्ष धुराडं नव्हतं. आई म्हणाली, “अहो, बसवा ना कसलंही, थंडी वाजत असेल त्याला.” ते हसले, पण बसवलं नाही.

संशोधन त्यांचं आणि आराखडे डेन्झिल काकांच्या हातचे, असं ते खूप वर्षं चाललं. डेन्झिल हॅम्लिन हे पेशाने सुतार. माझे सख्खे काका नव्हेत, पण मला आठवतं तेव्हापासून काकाच. बाबा त्यांना ‘रंधा’ म्हणत आणि ते बाबांना ‘कारकून’. प्रदर्शनांत टेबलावरच्या त्या छोट्या फाट्याच्या एका टोकाला बाबा बसायचे, दुसऱ्या टोकाला काका, आणि मध्ये घंटा. गाडी सोडायची तर बाबांनी घंटा द्यायची, काकांनी परत तितकेच टोले द्यायचे, मगच बटण. चार पावलांवर बसलेले दोघे, पण तोंडाने “सोड” म्हणायचं नाही. बघणाऱ्यांना ते खुळेपणाचं वाटायचं. मला ते देवळातल्यासारखं वाटायचं.

अकरा वर्षांपूर्वी, चर्चच्या सभागृहात, मी चहाच्या टेबलावर होते. अंड्याची सँडविचेस संपली होती आणि काकडीची कुणी घेत नव्हतं. बाबांनी त्या दिवशी नवा बहात्तर आणला होता, पहिल्यांदाच दोन्ही बाजू पूर्ण केलेला. काका वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, मग पुन्हा नाकावर घेतला.

“कारकुना, ही खिडकी कुठून आणलीस? तुझ्या स्वयंपाकघरातली काढलीस की काय?”

“आराखड्यात आहे,” बाबा म्हणाले. “अठ्ठावीस सालचा, कारखान्याचा.”

“आराखड्यात तर कायकाय असतं. आराखडा काढणारा जेवून आलेला असतो. मी सुतार आहे, मला विचार. शुक्रवारची दुपार. फलाटाकडची बाजू साहेब बघणार, तिथे खिडकी बसवली. नदीकडे कोण बघतंय? बदकं? झिलमिली ठेवली तशीच, आतून फळी ठोकली, आणि गेले घरी.”

“आधार?”

“आधार हे हात!” काका म्हणाले, आणि आजूबाजूचे पाच-सहा जण हसले. त्यांच्यात मीही असेन. “बरं, तुझा आधार काय? तूच शिकवलंस ना आम्हाला, आराखडा म्हणजे इच्छा आणि फोटो म्हणजे वस्तुस्थिती? कुठाय फोटो? का मनातनंच काढलास?”

बाबांनी बटण बंद केलं. गाडी पुलावर होती, ती तिथेच थांबली. त्यांनी डबा उचलला, मऊ कागदात गुंडाळला, खोक्यात ठेवला, आणि कोट घालून निघाले. सभागृहात अजून माणसं होती, प्रदर्शन अजून दोन तास चालायचं होतं. घंटेजवळ काका एकटेच बसलेले मी बघितले, मान वर करून, आता कुणीतरी टोला देईल अशा अपेक्षेने. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बाबा आराखडे स्वतः काढायला शिकले, सत्तरीला आलेले असताना. अंत्यविधीला काका मागच्या बाकावर बसले आणि सँडविचला न थांबता गेले.

त्या खिडकीचं पत्रक मला बाबा गेल्यावर सापडलं. ‘आधार: कारखान्याचा आराखडा, १९२८.’ आणि त्याखाली, वेगळ्या पेनने, ‘स्वतः पाहिली.’ साडेचार हजार पत्रकांत हे दोन शब्द दुसरीकडे कुठेही नाहीत. पण तोवर ते मला माहीत होतं. रुग्णालयात, दुपारचा चहा नुकताच येऊन गार होत असताना, त्यांनी एकदम सांगितलं होतं, जसं एखाद्याने हरवलेल्या किल्लीबद्दल सांगावं.

“त्या कोपऱ्यात आम्ही बसलो होतो. मी आणि आई.”

“कुठल्या कोपऱ्यात?”

“बहात्तरमध्ये. मी सात वर्षांचा. ती मला मिल्ड्रेड मावशीकडे सोडायला निघाली होती.” एवढं मला ठाऊक होतं, आजीने त्यांना कोम्ब हेरॉनला मावशीच्या दारात सोडलं, त्याच गाडीने ती ब्रिस्टलला परतली, आणि पुन्हा आली नाही. एक पोस्टकार्ड आलं होतं, बंदराचं चित्र असलेलं. घरात यावर कधी बोलणं नसे. “काचेवर वाफ धरली होती,” बाबा म्हणाले, “आणि ती हातमोज्याने पुसत होती. तपकिरी हातमोजा. असा. बघ राल्फ, म्हणायची, नदी आली.” ‘असा’ म्हणताना त्यांनी हात वर केला. हात फार उचलला जात नव्हता, सुई लावलेली होती. तो त्यांच्या गालाजवळच छोटासा गोल गोल फिरला आणि नळी हलली.

“दिसली का नदी?” मी विचारलं.

“दिसलीच की,” ते जरा चिडून म्हणाले. “खिडकी होती ना.”

शुक्रवारी बसमध्ये काच धुरकटली होती. माझ्या अंगठ्याला पुढच्या सीटचा थंड पत्रा लागत होता आणि मी काहीही विचार न करता हातमोज्याने काच पुसली. हात आडवा गेला. मी पुन्हा पुसली. पुन्हा आडवा, मोठा, खांद्यातून. काच पुसताना माणसाचा हात आडवा जातो. छोटा, गोल गोल, बोटांच्या टोकांनी, तो जात नाही. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं, कारण मी पुसून झालेली काच पुसत होते. छोटा गोल हात ओल्या गालावर फिरतो. कुणाच्या गालावर, सात वर्षांच्या मुलाच्या की तिच्या स्वतःच्या, हे मला ठरवता येईना. बाबांनाही येत नसावं, आणि म्हणून त्यांनी त्या हातमोज्यापुढे एक काच बसवली, काचेपलीकडे नदी आणली, आणि बहात्तर वर्षं ती पुसत ठेवली. बस टेंपल मीड्स स्थानकापाशी बराच वेळ थांबली. लोक उतरले, चढले. मला वाटलं, फोटो पाठवणाऱ्या बाईंना मी दोन ओळी लिहीन, आभार मानीन, आणि फोटो पावाच्या डब्यामागे राहील. मिसेस कॉटल यांचे भाऊ आणखी तीन महिन्यांनी वारले असते तर पुस्तक छापून झालं असतं. तीन महिने म्हणजे काही फार नाही. तेवढं तर कुणीही थांबतं.

शनिवारी सकाळी मी काकांकडे गेले. केन्शमला, नदीपलीकडच्या उतारावर त्यांचं घर आहे. अंगणात सुतारकामाची शेड. मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, “कोण आहे? उघडंच आहे!”

“मी मेरिएल, काका.”

“मेरिएल? ये की पोरी, ये. कुत्र्याला भिऊ नकोस. दोन वर्षं झाली त्याला जाऊन.” ते लाकडाच्या भुशातून उठले. एक्याऐंशीचे आहेत, पण उभे राहिले की अजून शेड लहान दिसते. “वाळलीस. जेवतेस की नुसती पुस्तकं चावतेस? थांब, चहा टाकतो. दूध कालचं आहे, तक्रार करायची नाही.”

मी पाकीट बाकावर ठेवलं. बोलायचं ठरवलं होतं ते आठवेना, म्हणून फोटो बाहेर काढून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पुसलेले हात पुन्हा पँटला पुसले. चष्मा कपाळावर, मग नाकावर. मग भिंग. किटलीने शीळ घातली, मी उठून ती बंद केली, परत आले. ते तसेच वाकलेले.

“सावली आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“ती. कोपऱ्यातली. काचेवर झाडाची सावली पडलीय. जुनी काच अशी पट्ट्यापट्ट्यांची दिसते. काही सांगता येत नाही ह्याच्यावरून.” त्यांनी भिंग पालथं घातलं. “खिडकीच असणार. कारकून बरोबर होता.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा कान लाल झाला होता.

“काका, सात पट्ट्या आहेत. गुरुवारी फोटो आला तेव्हापासून मोजतेय.”

“तू गुरुवारपासून मोजतेयस, तुला सतराही दिसतील.”

“बदकांच्या सावल्या बघा कुठल्या बाजूला पडल्यात. झाडाची सावली उलटी कशी पडेल?”

“बदकांचं काय सांगतेस मला!” ते ओरडले, आणि मग एकदम खाली बसले, लाकूड कापायच्या घोडीवर. म्हणाले, “अकरा वर्षं वाट बघितली ह्या फोटोची. रोज दाढी करताना भाषण करायचो आरशापुढे. बोल कारकुना, आता बोल. असं पुढे ठेवीन, असं बोट ठेवीन... आणि आता हा आलाय. आता दाखवू कुणाला? तुला? तू काय वाकडं केलंस माझं?”

चहा फार कडक झाला होता. आम्ही तो प्यालो.

“ऐक माझं,” काका म्हणाले. “राहू दे ती खिडकी. हे पुस्तक जगात दोनशे माणसं घेणार, त्यातली दीडशे नुसते फोटो बघणार. उरलेल्यांतले निम्मे मरायला टेकलेत. कुणाचं अडलंय? हा फोटो मी ह्या इथे, फळीखाली ठेवतो. मी गेलो की माझ्या भाचीला आयता जाळायला.”

मग मी त्यांना हातमोज्याचं सांगितलं. जेवढं बाबांनी सांगितलं तेवढंच, बसमधलं नाही. सांगताना माझा स्वतःचा हात वर गेला आणि गालाजवळ फिरला, आणि तो कसा फिरतो आहे ते काकांनी बघितलं. सुतार माणूस. हाताची चाल त्यांना मला समजावून सांगावी लागली नाही.

“हे मला का नाही सांगितलं त्यानं?”

“तुम्ही हसला असता.”

“हसलो असतो,” ते म्हणाले. मग, भुशाकडे बघत, “नसतो हसलो.”

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर फुटबॉलच्या गप्पा चालू होत्या. शेडमध्ये पाईनच्या लाकडाचा वास होता, आणि त्याखाली, खूप खाली, ओल्या कुत्र्याचा. मला वाटत होतं की आता मी म्हणावं, ठीक आहे, ठेवा फळीखाली. तोंड उघडलं तर ते म्हणायलाच उघडलं होतं. पण मला तेव्हा त्रैमासिकातली ती विनंती दिसली, शेवटून दुसऱ्या पानावर. भांडणाच्या आधी आठ वर्षं, ठीक. तेव्हा फक्त खात्री करून घ्यायची असेल. पण भांडणानंतर? आराखडा काढून झाला, डबा बनवून झाला, मित्र गेला, तरी वर्षातून चार वेळा ते ती छापायला पाठवत राहिले. शेवटची त्यांनी रुग्णालयातून मला लिहायला सांगितली होती. ‘कितीही अस्पष्ट चालेल.’ ज्याने स्वतः पाहिली आहे त्याला फोटो कशाला हवा? खिडकी होती असं त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं, आणि ती नसेल तर ते कळावं असंही वाटत राहिलं. दोन्ही एकाच माणसात, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरं. फोटो त्यांच्यासाठी आला होता. मी तो फक्त त्यांच्या वतीने उघडला होता.

“कागदावर झिलमिली काढा,” मी म्हटलं. “तुम्हीच काढा. सोमवारी नवा आराखडा द्यायचाय.”

“माझा हात आता—”

“तुमच्यासारखी रेघ कुणाची येत नाही, असं बाबा म्हणायचे.”

“कधी म्हणाला?”

“आधी. आणि नंतरही एकदा.”

हे खरं होतं. ते उठले, नाक शिंकरलं, शेडच्या मागच्या कपाटातून तिरका फळा काढला, त्यावरचं लोणच्याचं खोकं बाजूला केलं. बाबांचा आराखडा खाली, वर पारदर्शक कागद. ते एकेक खिडकी उतरवत चालले, डावीकडून उजवीकडे, श्वास धरून. प्रत्येक खिडकीनंतर मान ताठ करायचे, सोडायचे. शेवटच्या कोपऱ्याशी आल्यावर त्यांनी बाबांचा कागद खालून काढून घेतला. तिथे आता काहीच नव्हतं. फोटो बघून त्यांनी चौकट काढली, आणि चौकटीत पट्ट्या. चौथ्या पट्टीची रेघ जरा जाड आली. “राहू दे,” मी म्हटलं. “कशाला राहू दे?” म्हणाले, आणि पात्याने खरवडून पुन्हा काढली.

शाई वाळेपर्यंत मी विचारलं, “आत काय असेल त्या कोपऱ्यात?”

“फळी. आतून ठोकलेली.”

“आणि फळीपाशी?”

उठून त्यांनी एक जुनी वही आणली, कारखान्यातून निघालेल्या डब्यांच्या नोंदींची नक्कल, त्यांनीच कधीतरी हाताने उतरवलेली. बहात्तर, दुरुस्तीनंतर: आसनं चौसष्ट. ते पेन्सिलीने मोजायला लागले. पुढच्या दालनात एवढी, मधल्यात एवढी, दाराशेजारी दोन-दोन. मी बरोबर मोजत होते. बासष्ट झाली. आम्ही पुन्हा मोजली. बासष्ट.

“म्हणजे तिथे होतं,” काका म्हणाले. “दोघांचं. फळीला पाठ लावून. दुसरीकडे कुठे मावतच नाही.” ते पेन्सिलीने कागदाच्या कडेवर टकटक करत राहिले. “वाईट जागा. अंधारी. झिलमिलीतून थंड वारा येत असेल, फळी असली तरी. नदीचा वास येत असेल. दिसणार काही नाही.”

“मग कोण बसायचं तिथे? बाकीची गाडी रिकामी असताना?”

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. “ज्याला कुणी बघायला नको असेल तो,” म्हणाले.

मी मुद्रितांचं त्र्याऐंशीवं पान पुढे ओढलं. बाबांच्या आराखड्यावर तिरकी रेघ मारली, समासात ‘बदला’ लिहिलं, आणि आराखड्याखालची ओळ खोडली. नवी ओळ लिहायला मला बराच वेळ लागला. मी दुसऱ्यांच्या वाक्यांतले शब्द कमी करते. स्वतःचं वाक्य क्वचितच लिहिते. शेवटी ते असं झालं: ‘डबा क्र. ७२, नदीकडील बाजू. मागच्या कोपऱ्यात खिडकी नव्हती. इंजिनाच्या खोलीची जुनी झिलमिली तशीच ठेवलेली होती. तिच्यामागे दोघांचं आसन होतं. आराखडा: डे. हॅम्लिन.’

काकांनी ते वाचलं. बोट ठेवून, पुन्हा वाचलं.

“आसनाचा इथे काय संबंध?” ते म्हणाले. “ही बाहेरची बाजू आहे. आसन बाहेरून दिसत नाही.”

“नाही दिसत.”

त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. तिचं टोक त्या वाक्यावर आणलं आणि तसंच धरून ठेवलं. शेजारचा रेडिओ बंद झाला. मग त्यांनी पेन्सिल आडवी ठेवली.

“आधार आहे,” ते म्हणाले. “राहू दे.”